आधी नाव सांगा

"बारात आली!" जिनिंगच्या गच्चीवरून कोणीतरी बोंब ठोकली आणि पियुषच्या हातातली गुलाबदाणी सांडता सांडता राहिली.

मांडव गयासुद्दीनभाईंच्या जिनिंगच्या आवारातच घातला होता. एरवी हिवाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. पण त्या साली बोंडअळीनं अर्ध्या वऱ्हाडाचा कापूस खाऊन टाकला आणि अकोटची निम्मी जिनिंगं मुकी झाली. "मशीन बंद तं बंद," गयासुद्दीन म्हणाले होते, "माह्या पोरीच्या लग्नाचा बाजा तं वाजन!" आणि वाजत होता की! अचलपूरचा बँडवाला असा काही पेटला होता की निंबावरचे पोपट केव्हाच दुसऱ्या गावाला गेले असतील.

स्वागताचं काम पियुषनं मागून घेतलं होतं. भिंतीला भिंत लागून खुशालरावांचं घर, त्यांचा हा मुलगा. फौजदाराच्या परीक्षेला दोनदा बसून आलेला आणि तिसऱ्यांदा बसणारा. नवरी इफ्फत त्याला लहानपणापासून राखी बांधते, मग गेटवर दुसरं कोण उभं राहणार?

बँडच्या थोडी पुढे एक पांढरी जीप आत शिरली. तिघे उतरले. इस्त्रीचे सदरे, चकचकीत बूट, एकाला दाट मिशी. नवरदेवाकडची बडी मंडळी, दुसरं कोण असणार! पियुषनं तिघांवर गुलाबपाणी शिंपडलं, मनगटाला अत्तर चोळलं, गळ्यात गुलाबाचे हार घातले. मिशीवाला "अहो, आम्ही" एवढं बोलला, तेवढ्यात ताशा कडाडला आणि त्याचं पुढचं बोलणं त्यातच गेलं. तिघांना पहिल्या गादीवर बसवलं, शरबत दिलं. मागून अचलपूरची खरी बारात आली. अचलपूरकरांनी पाहिलं, पुढे हार घालून तिघे बसलेत, म्हणजे नवरीकडची मानाची माणसं. त्यांनी झुकून सलाम केला. तिघांनीही तो घेतला.

"थे तिघं कोण रे?" खुशालरावांनी पोराला बाजूला घेऊन विचारलं.

"नवरदेवाचे मामा असतीन."

"नाव इचारलं?"

"बाबा, लग्नात कोणी नाव इचारते का?"

"वा रे फौजदार! सकायी तं मोठं भाषण देऊन राह्यला होता."

सकाळचं भाषण म्हणजे शरबत ढवळताना झालेलं भांडण. गेले दोन आठवडे सगळ्या वऱ्हाडात एकच विषय होता. बाहेरच्या देशातून आलेले लोक शोधायला म्हणून साध्या कपड्यांतली माणसं गाड्या घेऊन फिरत होती. अकोटला दरवर्षी थंडीत एक रजईवाला यायचा, बंगालचा, गल्लीगल्लीत ओरडून रजया विकायचा. त्याला असंच जीपमधून नेलं. कोणी नेलं? कोणालाच माहीत नाही. त्याचा भाऊ अकोल्याला गेला, अमरावतीला गेला, प्रत्येक दारावर एकच उत्तर, आमच्याकडे नाही. शेवटी दूर कुठेतरी सापडला, कागद चोख निघाले, सोडून दिला. तेव्हापासून वर्तमानपत्रांत रोज वाद. नेणाऱ्यानं नाव सांगायचं की नाही? ओळखपत्र दाखवायचं की नाही? चहाच्या टपरीवर यावरून लोकांनी कप आपटले होते.

"नाव सांगून दिलं तं उद्या त्याच्या घरावर लोकं जातीन," पियुषचं म्हणणं. "त्याले बी लेकरंबाळं हायेत."

"अन् ज्याले नेलं त्याले नाईत?" खुशालराव पातेल्यात पळी आपटत म्हणाले होते. शरबत त्यांच्या धोतरावर उडालं आणि वाद तिथेच थांबला.

*

आवाराला लागून असलेल्या घरात, बायकांकडे, वेगळीच धमाल होती. मधल्या दाराच्या उंबऱ्यावर सईदा फुफी एक पाय आडवा टाकून बसली होती. फुफी म्हणजे गयासुद्दीनची थोरली बहीण. तिच्या जिभेला सगळं अकोट वचकून असतं, आणि आज तर तिचा हक्काचा दिवस.

या घराचा एक रिवाज होता. निकाहाच्या वेळी नवरीचा होकार घ्यायला तो काजीपर्यंत नेणारा वकील आणि दोन गवाह, म्हणजे साक्षीदार, आत येतात. बाकी घरांत ते सरळ आत जातात. इथे नाही. इथे घरातली थोरली बाई दार अडवते आणि म्हणते, आधी नाव सांगा. आपलं नाव, बापाचं नाव, गाव. तेही मोठ्यानं, आतल्या नवरीच्या कानावर पडलं पाहिजे. हळू बोललं की बायका ओरडणार, "ऐकू नाई आलं!" मोठमोठे मौलवी या दारात घामाघूम झालेले आहेत. सईदाची अम्मी म्हणायची, ज्याचं नाव पोरीनं ऐकलं नाही त्याच्यासमोर तिनं तोंड कशाला उघडायचं?

म्हणून ते तिघे हार घातलेले दारात आले तेव्हा सईदाला आनंदाचं भरतं आलं.

"आले गं आले! वकीलसाब आले!" ती आत ओरडली. "लय घाई दिसते अचलपूरवाल्याइले. काजीसाब यायच्या आंधीच!"

"अनीसा इथंच राहते का?" मिशीवाल्यानं विचारलं.

"राहते ना, नवरीची चाची हाय थे. पण आंधी नाव सांगा."

"आम्हाला तिला भेटायचंय."

"भेटा की. नाव?" सईदानं मागे पाहून डोळा मारला. बायका फिदीफिदी हसल्या.

"बाई, आम्ही तपासाला आलो."

"अगं बाई! तपासाले!" सईदा टाळी वाजवून हसली. "पोरगी पाहून झाली, बोलणं झालं, हळद झाली, आता तपास? नाव सांगा, बापाचं नाव सांगा, गाव सांगा. मंग काय तपासाचं थे तपासा!"

"ऐकू नाई आलं!" आतून दहा आवाज उठले.

मिशीवाल्यानं गळ्यातला हार काढला आणि शेजारच्याच्या हातात दिला. "मस्करी पुरे," तो म्हणाला. "अनीसा नावाची बाई या घरात आहे. ती इथली नाही अशी आमच्याकडे खबर आहे. तिला चौकशीला न्यायचंय. आत्ता."

सईदाचं हसू ओठांवरच राहिलं. पण जागची मात्र ती हलली नाही. उलट दुसरा पायही तिनं उंबऱ्यावर पसरला.

आत अनीसा इफ्फतच्या दुपट्ट्याला टाचणी लावत होती. तिनं सगळं ऐकलं. ती टाचणी तिच्या बोटात शिरली तरी तिला कळलं नाही, इफ्फतच ओरडली, "चाची, खून!" अनीसा गयासुद्दीनच्या धाकट्या भावाची, हसनैनची बायको. हसनैन रुईच्या गाठींचा ट्रक घेऊन बंगालच्या गिरण्यांकडे जायचा, एका खेपेला मालद्याहून बायकोच घेऊन आला. तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या रस्त्यावर त्याचा ट्रक उलटला, आणि अनीसा या घरात एकटी राहिली. मूलबाळ नाही. मूल म्हणाल तर हीच, इफ्फत, जिला तिनं न्हाऊ घातलं, वेणी घातली, शाळेत सोडलं.

रजईवाल्याशी ती आपल्या भाषेत चार शब्द बोलायची, कधी भाकरी द्यायची. तेवढ्यावरून कोणीतरी सांगितलं असणार. रजईवाल्याचा भाऊ तरी दारोदार फिरला. माझ्यासाठी कोण फिरेल?

"चाची, तुमी कुठीच जायचं नाई," इफ्फत म्हणाली. तिचा आवाज नवरीसारखा मुळीच नव्हता.

*

गयासुद्दीन धावतच आले. डोक्यावरची नवी टोपी तिरपी झाली होती. नवरदेवाचे वडील मागोमाग, त्यांच्या मागे सगळी बारात. बँड बंद पडला आणि एकदम सगळ्यांना एकमेकांचे आवाज ऐकू यायला लागले.

"सायेब, जरा बाजूले चला," गयासुद्दीन हात जोडून म्हणाले. "लगनघर हाय. तुमी म्हनान तसं करू. मांगच्या दारानं..."

"मांगच्या दारानं काय?" सईदा उंबऱ्यावरूनच कडाडली. "मांगच्या दारानं तिले देऊन टाकतं का, गयास?"

"आपा, चौकशीच तं हाय! संध्याकायपर्यंत सोडतीन."

"रजईवाल्याले बी संध्याकायपर्यंतच नेलं होतं!"

गयासुद्दीनला दरदरून घाम फुटला होता. अचलपूरकर पाहत होते. पोरीचं लग्न मोडलं तर? उद्या लोक म्हणतील, यांच्या घरात पोलीस आले. आणि ही बाई! हसनैनसाठी त्यांनी बाळापूरची सोयरीक ठरवली होती, शब्द दिला होता, आणि तो ट्रकमध्ये हिला घालून घेऊन आला. तो राग त्यांनी इतकी वर्षं जपला. तिला कधी नावानं हाक मारली नाही. 'हसनैनची बायको', बस. तिच्या हातचा चहा ते घेत, पण तो कोणी केला हे विचारत नसत.

"ते काही नाही," मिशीवाला म्हणाला. "बाईला बाहेर बोलवा."

आणि इथे पियुष पुढे सरसावला. चूक त्याचीच होती ना! अत्तर त्यानंच लावलं होतं. "सायेब, एक मिनिट. मी स्वतः फौजदारकीची परीक्षा देऊन राहिलो. तुमची बाजू मी सकायपासून मांडून राहिलो, इचारा माह्या बाबाले. तुमी फक्त कार्ड दाखवा, यायले मी समजावतो."

"कार्ड दाखवायची गरज नाही."

"बरं, नाव?"

"नाव सांगता येत नाही."

"कोणत्या हापिसातून आले थे तरी?"

मिशीवाल्यानं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

पियुषचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "पण सायेब," तो चाचरत म्हणाला, "पुस्तकात तं लिहिलं हाय. अटक करणाऱ्यानं छातीवर नाव लावलं पाहिजे. म्या पाठ केलं!"

"अटक कोण करतंय? चौकशी आहे."

"मंग इथंच करा ना चौकशी!" तो एकदम इतक्या जोरात ओरडला की खुशालरावांनी मान वळवून पोराकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशीत हसू आलं. "खुर्ची देतो, टेबल देतो, शरबत तं दिलंच हाय!"

लोक हसले. हसले आणि त्यांना धीर आला. "नाव सांगा!" मागून कोणीतरी म्हणालं. "नाव सांगा!" आतल्या बायकांनी उचललं. बँडमधल्या एका खोडकर माणसानं ढोलावर टिपरी मारली, ना-व सां-गा, आणि मग काय, अख्खं आवार त्या तालावर ओरडायला लागलं. नवरदेव अजहर, तोंडावरचा सेहरा मागे टाकून, सगळ्यात मोठ्यानं.

"इफ्फत काय म्हणते माहीत हाय?" सईदा दोन्ही हात वर करून ओरडली. सगळे थांबले. "चाची बाजूले नसन तं मी कबूल म्हणत नाई, म्हणते. ऐकलं का, समधीसाब?"

सगळ्यांनी अजहरच्या वडिलांकडे पाहिलं. म्हातारा अचलपूरचा कापडवाला, तोलून मापून बोलणारा माणूस. त्यानं दाढीवरून हात फिरवला.

"बराबर म्हणते पोरगी," तो म्हणाला. "आमाले काई घाई नाई. जेवण गरम ठेवा म्हणजे झालं."

तेवढ्यात बाहेरून जीपचा ड्रायव्हर धावत आला. "सायेब, एक बाई गाडीत येऊन बसली! उतरतच नाई!"

ती पार्वताबाई होती. खुशालरावांची बायको. लग्नासाठी नेसलेलं जरीचं लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. मागच्या सीटवर ऐसपैस.

"मी बी येतो अनीसासंग," ती खिडकीतून म्हणाली. "एकटी कशी जाईन थे? मी डब्बा बी घेतला. फक्त कुठं जाऊन राह्यलो थे सांगा, म्हणजे आमच्या बुड्याले सांगून ठेवतो. रात्री भाकर कोण टाकन त्याची?"

"बाई, उतरा खाली!"

"उतरतो ना. नाव सांगा, गाव सांगा, उतरतो."

*

मिशीवाल्यानं रुमालानं कपाळ पुसलं. दोन्ही साथीदार त्याच्या तोंडाकडे पाहत होते. पहिल्यांदाच तो जरा खालच्या आवाजात बोलला, आणि सईदाशीच बोलला, कारण दारात तीच होती.

"आजी, तुम्हाला वाटतं आम्हाला हौस आहे? मागच्या महिन्यात माझ्या साथीदाराचा फोटो गावोगाव मोबाइलवर फिरला. नावासकट. घरावर दगड पडले. त्याची पोरगी शाळेत जाईना झाली. म्हणून नाव सांगत नाही."

हे कोणाच्या मनात आलं नव्हतं.

"वाईट झालं बाप्पा," सईदा म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. "लेकराचं काय चुकलं होतं? दगड मारणाऱ्याचे हात झडो. पण मले एक सांग. रजईवाल्याच्या भावानं कोणाचं दार वाजवायचं होतं? तू नाव सांगत नाईस, थो दुसरा सांगत नाई, मंग माणूस गेला कुठं थे आमी इचारायचं कोणाले? तुह्या घराले भिंत हाय, माह्या घराले नाई का?"

"आणि तुम्ही?" मिशीवाला एकदम उसळला. त्याला बहुधा त्याच्या हाती असलेला एकुलता एक डाव सापडला होता. "सगळे माझं नाव विचारता. या बाईचं सांगा की! तुमची आहे ना? पूर्ण नाव काय तिचं? बापाचं नाव? गाव? तिनं नाही सांगायचं. तुमच्यातलं कोणीही सांगा. सांगा, मी आत्ता जातो!"

सईदानं तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं.

काय नाव होतं बरं? अनीसा. पुढे? मुलं तिला बंगाली चाची म्हणत. बाजारात, मशिदीत, सगळीकडे ती बंगालीणच. पोरीच्या दारात तीन नावं विचारणाऱ्या सईदा फुफीनं, वीस वर्षं एका चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईला, तुझ्या बापाचं नाव काय गं, हे एकदाही विचारलं नव्हतं. तिला मनातून इतकी लाज वाटली की तिनं मागे वळून आत पाहायचंही टाळलं.

"तिच्या बापाची आंब्याची बाग होती," जीपमधून पार्वताबाईनं मान बाहेर काढून सांगितलं. "लंगडा आंबा." पण नाव तिलाही येत नव्हतं.

"बघा," मिशीवाला म्हणाला. "चला, बाईला बाहेर काढा."

आत अनीसा उभी राहिली. तिनं डोक्यावर पदर घेतला. इफ्फतनं तिचा हात धरून ठेवला होता, तो ती हळूहळू सोडवत होती. जाऊ दे. पोरीचं लग्न तरी होईल.

"अनीसा खातून."

आवाज इतका घोगरा होता की क्षणभर कोणाला कळलं नाही कोण बोललं. गयासुद्दीन पुढे आले. तिरपी टोपी त्यांनी सरळ केली, जशी निकाहाच्या गादीवर बसताना करतात.

"मी गयासुद्दीन," ते मोठ्यानं म्हणाले. "माह्या बापाचं नाव शमसुद्दीन. गाव अकोट. मी गवाह हाओ." मिशीवाल्याच्या अगदी समोर जाऊन ते थांबले. "अनीसा खातून, बापाचं नाव अब्दुस्समद मंडल, गाव बागडांगा, जिल्हा मालदा. तिचा निकाह तिच्या बापाच्या आंगणात झाला. मी हसनैनले परत आणाले गेलो होतो, भांडाले गेलो होतो. पण आमच्याकडून दुसरं कोणी नव्हतं म्हून गवाह मीच बसलो. म्या माह्या कानानं तिचं नाव ऐकलं, अन् माह्या तोंडानं कबूल केलं का हो, ऐकलं."

गयासुद्दीनच्या डोळ्यांपुढे ते अंगण आलं. लुंगी नेसलेला तो म्हातारा दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून म्हणाला होता, बेटी बहुत दूर जा रही है साहब, आप गवाह हैं. आणि ते रागानं हात सोडवून ट्रकमध्ये जाऊन बसले होते. पण नाव विसरले नव्हते. राग जपता जपता नावही जपलं गेलं होतं.

"आता तुमी," गयासुद्दीन म्हणाले. "म्या माहं सांगतलं, तिचं सांगतलं. या दारातून बाई जाते तं नेणाऱ्याचं नाव आमाले लागते. लेकीच्या लग्नात बी लागते. तुमाले बी लागन."

मिशीवाल्यानं भोवती पाहिलं. कोणाच्या हातात दगड नव्हता. कोणाचा मोबाइलही वर नव्हता, कारण पियुष दोन्ही हात पसरून पोट्ट्यांना ओरडत होता, "फोटो कोणी काढाचा नाई! सायेबाचा फोटो काढला तं माह्याशी गाठ हाय!"

"चंद्रभान," तो शेवटी म्हणाला.

"ऐकू नाई आलं," आतून आवाज आला. तो इफ्फतचा होता.

"चंद्रभान शालिकराम वानखडे!" तो ओरडला. "तालुका दर्यापूर!" आणि खिशातून कार्ड काढून त्यानं ते गयासुद्दीनच्या हातावर ठेवलं.

जो काही गलका झाला! ढोल वाजला, शिट्ट्या पडल्या, अजहर तर गादीवरून उडी मारून पियुषच्या गळ्यात पडला. "दर्यापूरचा हाय?" पार्वताबाई जीपमधून उतरत विचारत होती. "माहं माहेर तिकडलंच! कोणते वानखडे रे तुमी?"

"आज जातो," वानखडे गयासुद्दीनला म्हणाले. "पण खबर आलीय, चौकशी तर करावीच लागेल. नोटीस पाठवतो, माझ्या सहीची. मंगळवारी दिवसाउजेडी तिला घेऊन या. कागद आणा. माझं नाव घेऊन विचारा, मी असेन."

"जेवून जा," गयासुद्दीन म्हणाले.

"नको."

"आमचं शाकाहारी बी हाय," खुशालराव म्हणाले. "वेगळं. माह्या घरचं."

ते जेवले नाहीत. पण जीप गेटबाहेर पडताना दुसऱ्या साथीदाराच्या गळ्यात अजून हार होता, आणि तो काढायचं त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

*

काजीसाब आले तोवर ऊन कलायला आलं होतं. वकील म्हणून आता स्वतः गयासुद्दीन आणि अचलपूरचे दोन गवाह मधल्या दाराशी गेले. उंबऱ्यावर सईदा नव्हती. तिथे अनीसा बसली होती, बोटाला चिंधी बांधलेली, आडवा पाय टाकून. सईदानं तिला खांद्याला धरून बसवलं होतं. "आज तू इचार," ती म्हणाली होती. "मले हक्क नाई उरला." आणि मग आपणच रडली होती.

"कोण आलं?" अनीसानं विचारलं. तिची वऱ्हाडी पार्वताबाईच्या ओसरीवर शिकलेली, तिच्याइतकीच ठसक्याची. "आंधी नाव सांगा."

अचलपूरच्या दोघांनी आपली नावं सांगितली, बापाची सांगितली, गाव सांगितलं. बायका "ऐकू नाई आलं" म्हणाल्या, त्यांनी पुन्हा सांगितलं. मग गयासुद्दीनची पाळी आली.

"गयासुद्दीन, वल्द शमसुद्दीन, अकोट."

अनीसानं पाय काढला नाही. ती खाली मान घालून बसली होती. "अन् मंगळवारी, भाईसाब?" ती इतकं हळू म्हणाली की मागच्यांना ऐकू गेलं नसावं. "तिथं बी इचारतीन. संग कोण आलं म्हणून."

गयासुद्दीन तिच्यासमोर उंबऱ्याशी वाकले. गुडघे दुखत होते तरी वाकले.

"सांगीन ना," ते म्हणाले. "अनीसाचा गवाह आला म्हणून सांगीन."

अनीसानं पदरानं डोळे पुसले, उंबऱ्यावरचा पाय काढून घेतला आणि आत तोंड करून ओरडली, "इफ्फत, सिधी बस वं! आपले लोकं आले!"